नव्या मत्स्यपेटीतील मासे का मरतात?

घरात काचेची मत्स्यपेटी असावी व तीत रंगीत मासे विहरावे, अशी हौस आमच्या धनजसारख्या गावांतील मुलांसही असते. वडील मोठ्या कौतुकाने अमरावतीहून पेटी व मासे आणून देतात. पेटी लख्ख धुऊन तीत ताजे पाणी भरले जाते. परंतु आठदहा दिवसांतच मासे एकामागून एक मरून वर येतात. मुले रडू लागतात, आणि मोठी माणसे विक्रेत्यास दोष देतात. पुष्कळदा दोष त्याचा नसतो. पाणी निर्मळ दिसत होते खरे. तथापि ते माशांस राहण्याजोगे झालेले नव्हते.

मासा आपल्या शरीरातील अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. न खाल्लेले अन्न कुजले म्हणजे त्यातूनही अमोनियाच निघतो. अडाण नदीच्या विस्तीर्ण पात्रात तो विरून जातो. पेटीत मात्र साचतो. तो डोळ्यांस दिसत नाही. परंतु अत्यल्प प्रमाणातही माशांच्या कल्ल्यांस इजा करतो.

ह्यावर सृष्टीतच उपाय आहे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवितात, व दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. नायट्राइटही घातक होय, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. नायट्रेट मात्र त्या मानाने निरुपद्रवी असून वनस्पतींचे अन्न आहे. हे जीवाणू सर्गेई विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झुरिच येथे वेगळे करून दाखविले. आपल्या कपाशीच्या काळ्या जमिनीतही असेच जीवाणू काम करीत असतात. शेतकरी ताजे शेण पिकास घालीत नाही. ते कुजून खत होईपर्यंत धीर धरतो. मत्स्यपेटीसही असाच धीर हवा. हे जीवाणू वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर हळूहळू वाढतात. त्यांचा जम बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून विद्यार्थिमित्रांनी पुढील नियम पाळावे.

पहिला नियम असा की, नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बहुतांशी उडून जातो.

दुसरा, चाळीसपन्नास लिटरच्या पेटीत प्रारंभी तीनचारच मासे सोडावे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे टाक्यांत व डबक्यांत जे गप्पी मासे सोडतात, ते काटक असल्यामुळे ह्या कामी चांगले.

तिसरा, अन्न दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतके द्यावे. भुकेपेक्षा अतिलाडानेच अधिक मासे मरतात.

चौथा, पहिले काही आठवडे दर दोन दिवसांनी चतुर्थांश पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम कधीही बदलू नये. गाळणीचा स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा; नळाखाली धुतल्यास त्यावरील जीवाणू मरतात.

पाचवा, ज्याची पेटी जुनी असून मासे निरोगी आहेत, अशा स्नेह्याकडून मूठभर वाळू मागून आणावी. दुधास विरजण लावावे तसे हे होय.

आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्याची आणखी एक अडचण असते. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांस साडेसातच. शिवाय पाणी जसे तापते तसा अमोनियाही अधिक विषारी होतो. यास्तव पेटी उन्हात ठेवू नये व हवेचा पंप चालू ठेवावा. मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडमीट करू लागले, तर अन्न बंद करून लगेच थोडे पाणी बदलावे.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलास पेटी आज द्यावी. परंतु पहिल्या महिन्यात तीनचार माशांवर आणखी मासे आणून देऊ नयेत. "पेटी रिकामी दिसते," असे मूल म्हणेल. पाणी वरून रिकामे दिसले तरी आत काम चालू आहे, हे त्यास समजावून सांगावे. जो जीव आपण विहिरीतून अगर तळ्यातून काढून घरी आणला, त्याचा श्वासदेखील आता आपल्या हाती आहे. महिनाभर वाट पाहण्याची ज्याची तयारी नाही, त्याने मासे पाळू नयेत, हेच बरे.