यंत्राबरोबरचा कागद : होतकरू तरुणांसाठी एक दुर्लक्षित व्यवसाय

अमरावती आणि अकोल्याच्या छोट्या वर्कशॉपमधून शेतीची अवजारे, दाल मिलचे सुटे भाग, फवारणी पंप, कूलर असा बराच माल तयार होतो किंवा दुरुस्त होऊन जातो. माल चांगला असतो. तरीही आठवड्याभरात गावाहून निरोप येतो, "यंत्र चालत नाही." कारागीर मोटारसायकल काढून तीस किलोमीटर जातो, तर थ्री फेजची मोटर उलटी फिरत असते. दोन वायरींची अदलाबदल केली की पाच मिनिटांत काम होते. दिवस मात्र वाया जातो आणि मालाचे नाव खराब होते ते वेगळेच.

हा दिवस वाचवायचा तर यंत्राबरोबर नीट लिहिलेला एक कागद द्यावा लागतो. असा कागद लिहिणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. मोठ्या कंपन्यांत त्याला टेक्निकल रायटिंग म्हणतात आणि पुण्यातील सॉफ्टवेअर व यंत्रांच्या कंपन्या त्यासाठी पगारी माणसे ठेवतात. आपल्याकडील छोट्या कारखान्यांत हे काम सहसा कोणाकडेच नसते. म्हणूनच त्याला येथे वाव आहे, असे आम्हांस वाटते.

अकोल्यातील उदाहरण

शास्त्रातील गोष्ट सोप्या मराठीत मांडण्याचे काम वऱ्हाडाला नवे नाही. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. आज ते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्याची कृषी संवादिनी शेतकऱ्यांच्या घरोघरी दिसते. बियाणे किती, खत केव्हा, कीड कशी ओळखावी, हे त्यात थोडक्यात दिलेले असते. याच विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल अनेक लघुउद्योजकांनी घेतली. पण यंत्र घेतले म्हणजे डाळ पडली असे होत नाही. तुरीची प्रतवारी, रोलरवर टरफल खरवडणे, तेल-पाण्याचा हात, वाळवण आणि मग भरडणे, हा क्रम पाळावा लागतो. क्रम चुकला की चुरी वाढते आणि नफा चुरीत जातो. क्रम सांगणारा कागद हा यंत्राचाच एक भाग समजला पाहिजे.

जिवाशी गाठ

२०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना दवाखान्यात जावे लागले. औषधांची मिश्रणे, तोंडा-हाताला संरक्षण नसणे, उंच व दाट वाढलेले पीक अशी अनेक कारणे पुढे आली. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांनुसार डब्यावर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण आणि सोबत माहितीपत्रक लागते. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पत्रक प्रादेशिक भाषेतही असावे असा नियम आहे. पण मुंगीएवढ्या अक्षरांची घडी मजुराच्या हाती येत नाही आणि आली तरी वाचवत नाही. नियम पाळणे आणि माणसाला समजणे यांत जे अंतर आहे, ते भरून काढणारा लेखक हवा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही बाब कारखानदाराच्या खिशापर्यंत आणली आहे. वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा दिला नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर उत्पादकावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते. छोट्या उत्पादकानेही हे ध्यानात ठेवावे.

लिहावे कसे?

"यंत्र सुरू करण्यापूर्वी आवश्यक ती दक्षता घेण्यात यावी," या वाक्याने कोणाचेही बोट वाचणार नाही. त्याऐवजी असे लिहावे :

१. मेन स्विच बंद करा.
२. पट्ट्यावर जाळी बसवा.
३. हॉपरमध्ये हात किंवा पाना राहिलेला नाही, हे पाहा.
४. मगच मोटर चालू करा. चाक बाणाच्या दिशेने फिरत नसेल तर लगेच बंद करा व वायरमनला बोलवा.

एका वाक्यात एकच काम सांगावे. धोक्याची सूचना त्या कामाच्या आधी द्यावी, नंतर नव्हे. भागाची नावे कारागीर बोलतात तीच ठेवावीत आणि एका भागाला सगळीकडे एकच नाव द्यावे. जेथे चित्राने भागते तेथे शब्द वाढवू नयेत. शेवटी तो कागद यंत्र कधीच न चालवलेल्या माणसाच्या हाती द्यावा आणि आपण गप्प उभे राहावे. तो जेथे अडेल ती ओळ पुन्हा लिहावी.

कोणाला जमेल आणि काय मिळेल?

आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला, वर्कशॉपमध्ये हात काळे केलेला आणि चार ओळी सरळ लिहिणारा तरुण या कामाला योग्य. आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे. घरी उर्दू, बाजारात हिंदी-वऱ्हाडी आणि कागदोपत्री मराठी, अशा तीन भाषांत त्यांची ये-जा असते. एकच पत्रक तीन भाषांत करून देणारा माणूस कारखानदाराला हवाच असतो. संगणक आता मजकूर जुळवतो, भाषांतरही करतो. पण कोणता नट सैल होतो आणि गिऱ्हाईक कोठे चुकते, हे ज्याने यंत्र उघडले त्यालाच ठाऊक असते.

भांडवल फार लागत नाही. दर कामावर ठरवावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि एक दुरुस्ती त्यातच धरावी, म्हणजे वाद होत नाहीत. पत्रकाबरोबर किंमतयादी, वॉरंटी कार्ड, सुट्या भागांची यादी अशी कामे मिळत जातात. अनुभव जमला की कंपनीतील नोकरीची वाटही मोकळी होते. याहून मोठा लाभ असा की उस्तादाच्या हातातील विद्या कागदावर उतरते आणि त्याच्यामागे दुकानात टिकते.

कारागीर बंधूंनी सुरुवात घरापासूनच करावी. आपल्या सर्वांत जास्त खपणाऱ्या मालाच्या तीन नेहमीच्या तक्रारी शिकलेल्या मुलाला सांगाव्यात आणि त्यावर एक पान लिहून घ्यावे. पुढच्या हंगामात किती फेऱ्या वाचल्या याचा हिशेब ठेवावा. तोच या धंद्याचा पहिला नफा.