फ्लोरेन्सचा दंड, मालाडचा पत्ता

इटलीचे फोटो सगळ्या नातेवाइकांना दाखवून झाले, आणि मग कधीतरी क्रेडिट कार्डातून युरो कापल्याचा मेसेज आला. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीला विचारलं, तर म्हणे हा दंड नव्हे. पोलिसांनी तुमचं नाव-पत्ता मागितला, तो कळवल्याचा आमचा आकार! खरा दंड मागाहून टपालाने मालाडला आला. फ्लोरेन्सच्या जुन्या भागात विनापरवाना गाडी नेल्याबद्दल.

इटलीतल्या बऱ्याच शहरांच्या जुन्या भागांत असे 'झेडटीएल' पट्टे आहेत. पांढऱ्या गोलाला लाल कड असलेली पाटी, शेजारी कॅमेरा. फलकावर 'वार्को आत्तिवो' अशी अक्षरं पेटली असतील तर आत शिरायचं नाही. मध्ये 'नॉन' असेल तर खुशाल जा. मोबाइलवरची बाई याबद्दल दर वेळी सांगेलच असं नाही. एस. व्ही. रोडवर चुकीच्या गल्लीत वळलात तर हवालदार पुढ्यात उभा राहतो, निदान कळतं तरी. तिथे कोणी अडवत नाही, आणि जितक्यांदा शिराल तितके दंड. परदेशातल्या माणसाला नोटीस धाडायला त्यांच्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे. नोटीस हाती पडल्यावर पाच दिवसांत भरलं तर सहसा ३० टक्के सूट मिळते, म्हणून पाकीट फोडायला वेळ लावू नका. हॉटेल पट्ट्याच्या आत असेल तर गाडीचा नंबर पालिकेकडे नोंदवाल का, हे आधीच विचारून घ्या. त्याहून सोपं म्हणजे ए-वन महामार्गालगतच्या व्हिला कोस्तान्झाच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवायची आणि ट्रामने शहरात जायचं.

कागदपत्रांचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय परमिट आपल्या आरटीओतूनच काढा, मालाडकरांसाठी बोरिवली. फॉर्म ४-ए, फी हजार रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. 'घरबसल्या इंटरनॅशनल लायसन्स' विकणाऱ्या वेबसाइटच्या पुस्तिकेला कायद्याचा आधार नसतो. परमिटासोबत मूळ लायसन्स लागतंच, आणि तेही हातात. डिजिलॉकरचा स्क्रीन काउंटरवर पुढे करून उपयोग नाही.

क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. मुलाच्या हातात स्टिअरिंग आणि बाबांचं कार्ड, हे आपल्याकडचं गणित तिथे बहुतेक ठिकाणी चालत नाही. अनामत रकमेसाठी प्रीपेड फॉरेक्स कार्डही सहसा नाकारतात. आणि 'फुल इन्शुरन्स' या शब्दावर विसंबू नका. काच, टायर आणि गाडीचा तळ त्यातून वगळलेला असू शकतो. सही करण्याआधी एवढं विचाराच: नुकसान झालं तर माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार?

रात्री काउंटर बंद असताना गाडी परत करायची वेळ आली, तर किल्ली पेटीत टाकण्याआधी चारी बाजू, रिम आणि पेट्रोलचा काटा यांचा व्हिडिओ घ्या. वर्षभर तो मोबाइलमधून उडवू नका.