जुनी विलायती धर्मचित्रे आणि वेरूळची बौद्ध लेणी

जुन्या ग्रंथातील चित्र पाहिले की ते खरेच असणार, असे आपण धरून चालतो. परंतु चित्रसुद्धा कोणीतरी, कोणासाठी तरी काढलेले असते. म्हणून धर्मविषयक जुनी चित्रे कशी पाहावीत, याचा येथे थोडक्यात विचार करू.

न पाहिलेला जपान

सतराव्या शतकात जपानने परकीयांना दारे बंद केली. युरोपीयांपैकी केवळ डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा या छोट्या बेटावर राहण्याची मुभा होती. तरीही युरोपात जपानच्या देवळांची व धर्माचारांची चित्रे मोठ्या प्रमाणावर खपत. १६६९ साली जपानवर सचित्र ग्रंथ लिहिणारा मोंटानुस जपानला कधीच गेला नव्हता. १७२३ पासून ॲमस्टरडॅमहून जगातील धर्मांच्या चालीरीतींचे मोठे ग्रंथ निघाले. त्यातील चित्रे कोरणारा बर्नार पिकार यानेही आशिया पाहिला नव्हता. प्रवाशांची वर्णने व आधीची चित्रे समोर ठेवून तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरले जाई. एकाची चूक अशा रीतीने दुसऱ्याच्या पत्र्यावर उतरे. याउलट केंफर हा डॉक्टर १६९० ते १६९२ जपानमध्ये राहिला होता. त्याचा ग्रंथ १७२७ साली लंडनला छापला गेला. ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांतील फरक येथे ध्यानात येतो.

पाहिलेले वेरूळ

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस आला. पुण्याच्या दरबारात त्याने सवाई माधवरावांची व नाना फडणविसांची चित्रे काढली आणि वेरूळच्या लेण्यांचीही रेखाटने केली. १७९५ साली तो वारला. पुढे १८०३ साली थॉमस डॅनियलने लंडनमध्ये त्यावरून २४ चित्रे प्रसिद्ध केली. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून आम्लाने छटा उठविण्याची ती पद्धत होती. त्यामुळे खडकाची छाया-प्रकाशाची गंमत सुरेख उतरली आहे.

परंतु ग्रंथाच्या नावातच ही सारी 'हिंदू' खोदकामे म्हटली आहेत. त्या काळी युरोपीय लोक हा शब्द 'हिंदुस्थानातील' अशा ढोबळ अर्थानेही वापरीत, हे खरे. तरी वेरूळची १ ते १२ क्रमांकाची लेणी बौद्ध आहेत, ही ओळख त्या नावाखाली झाकली गेली. १० व्या लेण्यात स्तूपापुढे प्रवचनमुद्रेत बसलेले भगवान बुद्ध आहेत. छताला लाकडी वाशांसारखा आकार दिला आहे, म्हणून लोक त्याला 'सुताराची झोपडी' व 'विश्वकर्मा' म्हणत. पाहुण्यांनी तेच नाव टिपून घेतले. ११ वे लेणे 'दोन ताल' म्हणजे दोन मजली समजले जाई. १८७६ साली गाळाखालचा तिसरा मजला सापडला, तरी नाव बदलले नाही. वेल्सने प्रत्यक्ष पाहिले होते. पण डोळ्यांना दिसते तेवढेच चित्रात येते.

आणखी एक गोष्ट. पुण्याचे गंगाराम तांबट हे कलावंतही त्याच काळात वेरूळची चित्रे काढीत होते. १८०३ च्या ग्रंथाच्या शीर्षकात मात्र नावे आहेत ती वेल्स व डॅनियल यांचीच.

आपण काय करावे?

ही चित्रे टाकाऊ नाहीत. दोनशे वर्षांपूर्वी लेणी कशी दिसत, हे सांगणारा तो मोलाचा पुरावा आहे. मात्र प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारावेत: काढणाऱ्याने स्वतः पाहिले होते काय? खालचे नाव कोणी दिले? तेथे उपासना करणाऱ्यांना कोणी विचारले काय? १८३७ साली प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा कान्हेरी-कार्ल्याचे दाते व भिक्खू स्वतःच्या शब्दांत बोलू लागले. वरळीच्या जपानी विहारात ढोलाच्या तालावर चालणारी उपासनाही आपण जाऊन पाहू शकतो, विचारू शकतो. पिकारला ही सोय नव्हती, आपल्याला आहे. पुढच्या सहलीला वेरूळला जाताना वही-पेन्सिल सोबत घ्यावी व चित्राखाली नाव स्वतः लिहावे.