टपालात गहाळ झालेल्या वस्तूचे नुकसान कोणाचे?

आपल्यापैकी पुष्कळांस टपालाची तिकिटे जमविण्याचा छंद आहे. समजा, साताऱ्याच्या एका गृहस्थांनी आपल्या संग्रहातील काही जुनी तिकिटे बेळगावच्या दुसऱ्या संग्राहकास ५०० रुपयांस विकली. पैसे आधीच पोचले. तिकिटे साध्या पाकिटात घालून टपालपेटीत टाकण्यात आली. आणि महिना लोटला तरी पाकिटाचा पत्ता नाही! घेणारे लिहितात, "माझे पैसे परत करा." देणारे उत्तर देतात, "मी जिन्नस धाडला. आता माझ्याजवळ काय उरले?" दोघेही प्रामाणिक आहेत, तथापि प्रत्येकास दुसऱ्याविषयी संशय येऊ लागला आहे. (अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाचा करार कायदा मानीत नाही. सबब तुम्ही अशी देवघेव वडीलधाऱ्यांच्या मार्फतच करावी, हे येथेच सांगून ठेवतो.)

अशा तंट्याचा निकाल लावण्यास आपल्याकडे १९३० चा मालविक्रीचा कायदा आहे. त्याच्या ३९ व्या कलमाचा आशय असा की, विकणाऱ्याने माल पाठवावा असे ठरले असता, तो वाहून नेणाऱ्याच्या स्वाधीन केला म्हणजे सकृद्दर्शनी घेणाऱ्यासच पोचविला असे समजावे. हे वाचून साताऱ्याच्या गृहस्थांस हर्ष होईल. परंतु त्यांनी पुढील ओळीही वाचाव्या. मालाचे स्वरूप व परिस्थिती पाहून वाहतुकीची वाजवी तजवीज करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यात त्याने कसूर केली व माल वाटेत गहाळ झाला, तर मला पोच झालीच नाही असे घेणारा म्हणू शकतो, किंवा भरपाई मागू शकतो. ५०० रुपयांची तिकिटे नोंदणीवाचून, पावतीवाचून पेटीत टाकणे ह्याला वाजवी तजवीज कोण म्हणेल? मात्र बेळगावकरांनीच "खर्च नको, साध्या टपालाने धाडा" असे लिहिले असेल, तर पारडे फिरते. पत्ता चुकीचा कळविला असेल, तरीही दोष त्यांचाच.

व्ही. पी.ने धाडलेल्या मालाची गोष्ट निराळी आहे. तेथे पैसे दिल्यावाचून पुडके हाती पडत नाही. रतलामच्या सुगंधी तेलांच्या एका पेढीचा प्राप्तिकराचा खटला १९५९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा अशा व्यवहारात टपालखाते हे विकणाऱ्याचे प्रतिनिधी होय, असे ठरले. अर्थात वाटेतील नुकसान बहुधा विकणाऱ्यानेच सोसावयाचे.

मग टपालखात्याकडून भरपाई मिळत नाही काय? १८९८ च्या कायद्याने सरकारने ही जबाबदारी, स्वतः स्पष्टपणे पत्करली असेल तेवढी वगळून, नाकारली होती. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आहे. त्यातही नियमांनी ठरवून दिलेल्या जबाबदारीपलीकडे खाते बांधलेले नाही. म्हणून मौल्यवान वस्तूचा विमा उतरविणे हेच शहाणपणाचे. विम्याचा खर्च कोणी द्यावयाचा हे मात्र पैसे देण्यापूर्वीच पत्रात लिहून घ्यावे. मागाहून केलेल्या आठवणी दोघांच्या दोन तऱ्हेच्या असतात.

आता आपले दोघे गृहस्थ. त्यांनी एकमेकांच्या सचोटीविषयी वाद न घालता आधी जुनी पत्रे काढावी: पाठविण्याची रीत कोणी ठरविली, पत्ता कोणता दिला, रवाना केल्याचा पुरावा काय. पावती असेल तर ती पाठविणाऱ्याजवळच असते. तेव्हा टपालखात्याकडे तक्रार त्यानेच विनाविलंब करावी आणि तिची नक्कल घेणाऱ्यास धाडावी. एवढ्यानेच निम्मा राग शमतो, असा माझा अनुभव आहे. प्रस्तुत प्रसंगी पावती नाही आणि साध्या टपालाची सूचनाही बेळगावकरांची नाही. सबब साताऱ्याच्या गृहस्थांनी ५०० रुपये परत करावे हे उचित. मात्र पैसे परत करताना, पाकीट पुढेमागे बेळगावास पोचलेच तर तिकिटे परत धाडावी किंवा त्यांची किंमत पुन्हा द्यावी, एवढे एक वाक्य दोघांनी लिहून ठेवावे. उशिरा का होईना, अशी पाकिटे कधी कधी दारात येऊन उभी राहतात.