ओढणे सोपे, थांबवणे कठीण

मुलांनो, अमेरिकेत लोक मोठी होडी ट्रेलरवर ठेवून पिकअप ट्रकच्या मागे जोडतात व तलावापर्यंत नेतात. 3 टनांची होडीही मोठा ट्रक ओढतो. मग अवघड काय? थांबवणे! ब्रेक दाबला तरी मागचे ओझे ट्रकला पुढे ढकलते. म्हणून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात.

ओझे नीट ठेवणेही महत्त्वाचे आहे. ट्रेलरच्या 100 किलो वजनामागे 10 ते 15 किलो भार पुढच्या जोडावर पडावा. भार मागे सरकला, तर ट्रेलर डोलू लागतो आणि ट्रकही उलटू शकतो. म्हणून समजूतदार चालक निघण्यापूर्वीच जोड, साखळ्या व दोर तपासतो. उतारावर तो वेग आधीच कमी करतो. ताकदीला सावधपणाची जोड हवी, ती अशी.

प्रश्न : जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक का असतात?