तारखेच्या आधी, तुझ्या-माझ्यात

अगं, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, लेकीकडून कोर्टातली साक्ष एकदा पाठ करून घेऊ का?" रात्रभर तेच डोक्यात होतं. नको गं. तेवढं अजिबात करू नकोस. पढवलेलं पोर उलटतपासणीत पहिल्याच आडव्या प्रश्नाला अडखळतं, आणि समोरचा वकील तेच धरून बसतो की हे आईनं शिकवलंय. तिला एवढंच सांग: आठवतं ते सांग, आठवत नसेल तर नाही म्हण, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांग.

घरी ती कोळी बोलीत बोलते ना? कोर्टातही तसंच बोलू दे. पुस्तकी मराठी शोधायच्या नादात पोरी गप्प होतात. अवयवाला घरातलाच शब्द वापरला तरी चालतो. पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, दुभाष्याचीही सोय आहे.

हा कायदा २०१२ चा. त्यात लेकरानं कोर्टाला घाबरायचं नाही, कोर्टानंच लेकराकडे बघून वागायचं, असं कलमांत लिहिलंय. सुनावणी बंद दालनात. वकिलांनी थेट तिच्यावर प्रश्न टाकायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवू द्यायचे नाहीत. दमली की थांबायचं, आणि साक्षीसाठी पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. सुरुवातीला न्यायाधीश नाव, शाळा, इयत्ता असं विचारतील, कारण तिला प्रश्न कळतात का ते बघायचं असतं. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसला तरी खरं बोलायचं हे कळत असेल, तर साक्ष घेता येते.

आता मला खरी भीती कशाची वाटते सांगू? दालनात आरोपी तिला दिसू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओची सोय करायची असते. पण बाहेरच्या व्हरांड्याचं काय? मी एका मुलीबरोबर गेले होते, तिनं आरोपीला जिन्यातच पाहिलं. आत गेल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून सरकारी वकिलांना आधीच भेट आणि विचार: आम्ही कुठं बसायचं, कुठल्या दारानं यायचं? महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ११ जानेवारी २०२२ रोजी प्रत्येक जिल्ह्यात अशा साक्षीदारांसाठी वेगळं साक्ष केंद्र हवं, असा आदेश दिलाय. अलिबागच्या कोर्टात ती सोय कुठे आहे, तेही विचारून घे. मागायला लाजू नकोस.

तूही साक्षीदार असशील, तर तिची साक्ष होईपर्यंत तुला बाहेर थांबवू शकतात. मग तिच्याजवळ कोण? तिच्या विश्वासाचं माणूस बरोबर ठेव, मावशी किंवा आत्या. बालकल्याण समितीनं सपोर्ट पर्सन, म्हणजे खटल्यात तिच्या सोबतीला राहणारं माणूस, दिला नसेल, तर समितीकडे मागणी कर. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथं वकील मोफत मिळतो.

कोर्टानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत तिची साक्ष आणि शक्यतो वर्षात खटला संपावा, असं कायदा म्हणतो. उशीर झाला म्हणून खटला बुडत नाही, पण तारीख पुढे गेली की कारण विचार.

वाडीत कुणी तिचं नाव काढलं, ग्रुपवर फोटो टाकला, तर लगेच पोलिसांत सांग. ओळख फोडणं हा गुन्हा आहे.

मुरूडहून आदल्या दिवशीच निघा. पहाटेच्या एसटीत उपाशीपोटी, अर्धवट झोपेत तिला नेऊ नकोस. आणि सरकारी वकिलांना या आठवड्यातच भेट, तारखेच्या सकाळी नव्हे.