निजेला धोंडा... पण नीजच नसेल तर?

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण ज्याने केली तो दिवसभर शेतात राबलेला असणार. हॉस्टेलच्या कॉटवर रात्री दोन वाजता पंख्याकडे बघत पडणाऱ्याला ती लागू पडत नाही. आमच्या विंगमध्ये असे तिघे-चौघे आहेत. त्यातल्या एकाला कुणीतरी सल्ला दिला, "संध्याकाळी पळतोस म्हणून झोप येत नाही. पहाटे पळ." आता झोपच जेमतेम चार वाजता लागणारा माणूस पहाटे उठणार कसा? पंधरा दिवसांत पळणं बंद पडलं, झोप मात्र आली नाही. सकाळची प्रॅक्टिकल्स बुडाली, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं, आणि टर्म ग्रँट होईल का या काळजीने उरलीसुरली झोपही गेली. तेव्हा निद्रानाश असणाऱ्याने व्यायाम नेमका केव्हा करावा, याचा मी थोडा अभ्यास केला. तो इथे मांडतो.

निद्रानाश कशाला म्हणायचं?

सबमिशनसाठी किंवा मोबाइलवर पिक्चर बघत जागणं म्हणजे निद्रानाश नव्हे, ते जागरण. झोपायला वेळ आहे, जागा आहे, तरी झोप लागत नाही किंवा मधेच मोडते, आणि त्याचा दिवसा त्रास होतो. असं आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने चाललं तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. जागरणावर उपाय एकच, दिवा बंद करणे! हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

कपॅसिटर आणि घड्याळ

१९८२ साली अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने झोपेचं एक मॉडेल मांडलं. आपल्याला ते सहज कळेल. समजा, शरीरात एक कपॅसिटर आहे. जागेपणी तो चार्ज होत जातो, झोपेत डिस्चार्ज होतो. हा झोपेचा दाब. मेंदूत साठणारा अ‍ॅडेनोसिन हा पदार्थ या दाबाशी संबंधित आहे, आणि चहा-कॉफीतलं कॅफीन त्याचंच काम अडवतं. दुसरी गोष्ट म्हणजे सुमारे चोवीस तासांचं आतलं घड्याळ. रात्री शरीराचं आतलं तापमान उतरतं ते या घड्याळामुळे. दाब पुरेसा आणि घड्याळही जुळलेलं, तरच झोप नीट लागते.

व्यायामाचा परिणाम दोन्हींवर होतो. श्रमाने दाब वाढायला मदत होते. व्यायाम करताना तापमान चढतं आणि नंतर उतरतं, हे उतरणं झोपेला पोषक. पण व्यायाम संपल्या संपल्या अंथरुणावर पडलात, तर तापमान आणि नाडी अजून वरच असतात. 'रात्री व्यायाम करू नये' या सल्ल्यामागचं कारण हे.

प्रयोग काय सांगतात?

ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या संशोधकांनी खास निद्रानाशाच्या रुग्णांवर प्रयोग केले. २०१० च्या प्रयोगात मध्यम गतीच्या एका व्यायामानंतर रुग्णांना झोप लागायचा वेळ निम्म्याहून कमी झाला. जोरदार पळणं आणि वजनं उचलणं यांनी मात्र तसा फायदा दिसला नाही. २०११ च्या प्रयोगात १९ जणांनी सहा महिने मध्यम व्यायाम केला, काहींनी सकाळी, काहींनी दुपार उलटल्यावर. झोप लागायचा वेळ सरासरी १७ मिनिटांवरून ९ मिनिटांच्या आत आला. रात्री मधेच जागं राहण्याचा वेळ ६३ वरून ४० मिनिटांवर आला. आणि मुख्य म्हणजे सकाळचा गट आणि दुपारचा गट यांत म्हणावा असा फरक नव्हता!

मग रात्रीचं काय? २०१९ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी निरोगी माणसांवरचे २३ अभ्यास एकत्र तपासले. संध्याकाळच्या व्यायामाने झोप सरसकट बिघडत नाही असं दिसलं. झोपण्याआधी तासाभराच्या आत संपणारा जोरदार व्यायाम तेवढा त्रासदायक ठरू शकतो.

अमेरिकेतल्या २०१९ च्याच एका अभ्यासात असं आढळलं, की सकाळी ७ चा किंवा दुपारी १ ते ४ मधला व्यायाम घड्याळ लवकरच्या बाजूला सरकवतो, आणि रात्री ७ ते १० मधला उशिराच्या बाजूला. म्हणजे ज्याची झोपच मुळात तीन-चारला सुरू होते, त्याने रात्रीच्या जेवणानंतरची जिम टाळलेली बरी.

शिकागोचा २०१३ चा अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निद्रानाश असलेल्या ११ स्त्रियांनी १६ आठवडे व्यायाम केला. आज व्यायाम केला म्हणून आजच झोप सुधारली, असं दिसलं नाही. फायदा दिसला तो १६ आठवड्यांनी. उलट रात्री झोप कमी झाली, की दुसऱ्या दिवशीचा व्यायाम कमी होत होता. आपली पोरं व्यायाम सोडतात ती इथेच.

हे प्रयोग छोटे आहेत आणि निद्रानाशाचे रुग्ण आपल्यापेक्षा बरेच मोठे होते, हे ध्यानात ठेवावं.

तालीम आणि प्रकाशझोत

कोल्हापूरच्या तालमीत पैलवान पहाटे जोर-बैठका काढतात आणि संध्याकाळी पुन्हा कसरत करतात. मेहनत, खुराक, झोप, सगळ्याच्या वेळा बांधलेल्या. आपण त्यातली फक्त 'पहाट' उचलतो आणि बाकीची शिस्त सोडून देतो. दुसऱ्या टोकाला आपल्याकडची प्रकाशझोतातली कबड्डी. सामना उशिरा संपतो. श्रम, झगझगीत उजेड आणि जिंकल्याची (किंवा हरल्याची!) धुंदी, सगळं झोपेच्या तोंडावर येतं. त्या रात्री झोप उशिरा लागली तर नवल नाही. अष्टांगहृदयात तर व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीनेच करावा असं सांगितलंय. ब्राझीलच्या 'मध्यम' व्यायामाशी ते जुळतं, नाही का?

आसनगावात जमेल असं

१. जी वेळ रोज पाळता येईल ती तुमची वेळ. पहाट जमत नसेल तर शेवटचं लेक्चर संपल्यावर, पाचच्या सुमारास.
२. अर्धा-पाऊण तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या गतीने. माहुली गावाकडचा रस्ता चालायला छान आहे. अंधारात हायवेच्या कडेने मात्र पळू नये, आणि पावसाळ्यात गवतातून जाताना पायाखाली बघावं.
३. व्यायाम आणि झोप यांत किमान एक तास, जोरदार व्यायाम असेल तर त्याहून जास्त. जेवणानंतरच्या शतपावलीला हा नियम लागू नाही, खुशाल करा.
४. वाईट रात्रीनंतर व्यायाम रद्द करू नका. वीस मिनिटं चाला, पण चाला.
५. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा.
६. निकाल चार महिन्यांनी बघा. चार दिवसांत बघू नका.

व्यायाम एकटा सगळं करत नाही. आपली कॉट हीच अभ्यासिका, मेस आणि थिएटर असते. ती फक्त झोपेसाठी ठेवली तर फरक पडतो. त्रास महिनोन्महिने चालला असेल, मन उदास राहत असेल, तर रूममेटने दिलेली गोळी घेऊ नका, डॉक्टरांना भेटा. झोपेच्या गोळ्या त्यांच्या सल्ल्याशिवाय नकोतच. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं. रेक्टर सरांनाही विनंती, की संध्याकाळी मैदानाचं गेट तासभर जास्त उघडं राहिलं तर काही जणांची रात्र सुधारेल.

तर मित्रहो, बूट बाहेर काढा, रोजची एक वेळ ठरवा, आणि शुभ रात्री!